पाळीवहीतल्या अकरा नावांबाबत

मी, उत्तमसिंग हरसिंग आडे, वय चोपन्न वर्षे दोन महिने, धंदा शेती व मोटारपंप दुरुस्ती, शिक्षण सातवी पास व त्यापुढे स्वतःचे स्वतः, राहणार मोहाचा तांडा, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, दिवसाउजेडी, खाटेवर बसून लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही आणि कोणी गोडही बोललेले नाही. गोड बोलायला सध्या माझ्याकडे कोणी येत नाही. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्या तोंडाला कर्करोग आहे. तंबाखूच्या खर्र्याने झाला, दुसऱ्या कोणावर ठपका नाही. जीभ वळत नाही, म्हणून मी पाटीवर लिहून बोलतो. डोके शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी महिने सांगितले आहेत, वर्षे सांगितलेली नाहीत.

कलम १. घर क्रमांक ४१, दोन खोल्या व मागचे टिनाचे छप्पर, तसेच पाच एकर बारा गुंठे शेत हे माझ्यामागे माझी पत्नी सौ. धुरपताबाई हिचे व तिच्यामागे आमची एकुलती मुलगी समीक्षा हिचे. समीक्षा यवतमाळला परिचारिकेचे शिक्षण घेते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील. शेताच्या उत्तर बांधावर माझा धाकटा भाऊ लखन याने दोन हात आत नांगर घातलेला आहे. हे त्याला ठाऊक आहे व मलाही ठाऊक आहे. ते दोन हात मी या कलमाने त्याला देतो, म्हणजे त्याने ते चोरले असे राहणार नाही.

कलम २. मोटार गुंडाळायचे यंत्र, पान्यांची पेटी, मीटर व बेअरिंग ओढायचा पुलर ही सर्व अवजारे लखनचा मुलगा सोनू याला द्यावीत. सोनू सध्या पुसदला एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. तो तेथे का आहे, ते पुढे येईल. तो माझी अवजारे घेणार नाही, याची मला जवळपास खात्री आहे. न घेतल्यास पेटी कुलूप लावून ठेवावी व दर दिवाळीला तेलाचा हात फिरवावा. चौदा नंबरचा पाना मुळातच नाही, तो शोधत बसू नये.

कलम ३. आमच्या शेताला लागून ज्यांचे शेत आहे त्या सदाशिवरावांकडे माझी सोळा पायऱ्यांची बांबूची शिडी आहे. २०११ साली कैऱ्या उतरवायला नेली. त्यांच्या तुरीत रानडुकरे शिरली की त्यांचा फोन यायचा, "उत्तमसिंग, एक बार काढ ना बाप्पा!" माझ्या वहीप्रमाणे त्यांच्या शेतासाठी काढलेले बार त्रेपन्न आहेत. पुढे पोलिसांनी विचारले तेव्हा त्यांनी जबाब दिला, तांड्यात बंदूक होती हे मला माहीत नाही. शिडी परत मागावी. ते विचारतील, कोणती शिडी? तेव्हा सांगावे, तुम्हाला माहीत नाही तीच.

कलम ४. बंदूक. एकनळी, ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू व छरे भरायची. नळी अडतीस इंच. दस्त्याला उजवीकडे तडा, त्यावर तांब्याची पट्टी (पट्टी मी ठोकली). पीक संरक्षणाच्या परवान्यावर २००४ साली माझ्या एकट्याच्या नावे घेतलेली. सध्या ती पोलिसांच्या मालखान्यात मुद्देमाल म्हणून पडून आहे. तेथे तिला तेल मिळत नसणार.

शेत वारसाला देता येते तशी बंदूक देता येत नाही. ज्याला द्यायची त्याच्याकडे परवाना लागतो, आणि खटला चालू असेतो आमच्या तांड्यात कोणाला परवाना मिळणार नाही. खटला संपल्यावरही मिळणार नाही. म्हणून ती मी कोणालाच देत नाही. कोर्टाने सोडल्यास ती कायमची सरकारजमा करावी व पावती घ्यावी.

ही बंदूक माझ्यासाठी नुसते लोखंड नव्हते. आम्ही बंजारा. माझे आजोबा पैनगंगेच्या पलीकडे निजामाच्या मुलखात बैलांवर मीठ-धान्य वाहत. ते सांगत, तांडा कोठेही उतरला की पुरुषांची नावे वहीत लिहिली जात आणि सांज-सकाळ हजेरी होई. चोरी कोठेही होवो, वही आधी उघडे. त्यांचा गुन्हा एकच, त्या घरी जन्मले हा. पुढे तो गुन्हेगार जमातींचा कायदा गेला व आम्हाला विमुक्त म्हणू लागले. त्या आजोबांच्या नातवाबद्दल ठाण्यातून अहवाल गेला की, अर्जदाराची वर्तणूक चांगली असून शस्त्र देण्यास हरकत नाही. तो कागद मी फ्रेम करून भिंतीला लावला. देवाच्या फोटोच्या वर लावला म्हणून माझी याडी, म्हणजे आई, महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मी बंदूकवाला असलो तरी माझे मत असे की, बंदुकीवर ताबा पाहिजेच. घरोघरी बंदुका झाल्या तर भावाभावांचे बांध रक्ताने मोजले जातील. परंतु रानडुक्कर अंगावर आले तर जीव वाचवायचा हक्क कोणत्याही कचेरीने दिलेला नाही. तो श्वासाबरोबर आलेला आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, यावर मी तेव्हा पुष्कळ विचार केला. तो मेळ म्हणजे पाळीवही.

कलम ५. पाळीवही. तांड्यात आमच्या बाजूची दहा घरे अशी होती की ज्यांची शेते जंगलाला लागून. बंदूक एक, परवाना एक. मी एकटा दहा शेते राखू शकत नव्हतो. म्हणून पाळी लावली. आज एकाच्या शेतात जागल, उद्या दुसऱ्याच्या. प्रत्येक पाळीची नोंद मी वहीत घेत असे. तारीख, नाव, शेत, बंदूक नेल्याची वेळ, दिलेली दारू, काढलेले बार, बंदूक परत केल्याची वेळ, सही किंवा अंगठा. २००५ ते २०२३, एकोणीस हंगाम, सात वह्या, लाल कापडी बांधणी. बांधणी पुसदचे माझे मित्र धम्मरत्न भगत यांनी केली. त्यांचा धंदाच पुस्तके बांधण्याचा आहे.

नियमही होते. प्यालेल्या माणसाला बंदूक नाही. रस्त्याच्या दिशेने बार नाही. ज्याचे त्या दिवशी कोणाशी भांडण झाले असेल त्याला नाही. २०१३ साली लखनला मी लागोपाठ तीन पाळ्या दिल्या नाहीत, कारण त्याचे बांधावरून भांडण चालू होते. भांडण माझ्याशीच होते. तो म्हणाला, "दादा, तूच भांडतं अन् तूच न्याय करतं?" मी तसे शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवले. एकूण पाळ्या अकराशे सात, बार तीनशे चौऱ्याऐंशी, बहुतेक हवेत. जखमी माणूस एकही नाही. असा ताबा कोणत्या सरकारने ठेवून दाखवावा.

२०२२ साली ९ ऑक्टोबरला लखनला ताप होता, म्हणून सोनू पाळीला गेला. वय वीस. सहावी वही, पान ११८, एकच ओळ. दहा घरांची दहा नावे होती, सोनूचे अकरावे.

आता वहीचे काय झाले ते लिहितो. २१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार, बाजारातून लखनला पोलिसांनी उचलले. जंगलात एक रोही, म्हणजे नीलगाय, मरून पडला होता व तो बंदुकीने मारला, असा संशय होता. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. त्याला ना कोर्टापुढे नेले, ना कोठे नोंद केली. ठाण्याचे नाव मी लिहीत नाही. लखनच्या डाव्या कानात अजून शीळ वाजते.

धम्मरत्न यांनी मला बऱ्याच वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला संविधानाची मराठी प्रत दिली होती. त्यावर आमचे वाद चालत. मी म्हणे, जगण्याचा हक्क जर जन्मानेच आहे तर पुस्तकात लिहायची गरज काय? ते म्हणत, "उत्तमभाऊ, हक्क जन्मानंच येते. पण जन्म कोणाच्या घरी झाला ते पाहून लोक तो हिसकते. म्हणून लिहून घ्या लागलं." मी म्हणे, आणि ठाण्यात ते वाचणारा कोणी नसला तर? ते म्हणत, "मग तू वाच."

मी गेलो वाचायला. शुक्रवारी सकाळी, एका बगलेत संविधान, दुसऱ्या बगलेत सातवी वही. साहेबांसमोर उभा राहून मी अनुच्छेद बावीस मोठ्याने वाचला. अटक केलेल्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे. साहेब शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "वाचा, वाचा. आवाज चांगला आहे तुमचा. बसा, चहा घ्या." तेव्हा मला आवाज होता.

मग मी वही उघडली. ज्या रात्रीचा संशय होता, त्या १९ नोव्हेंबरला बंदूक लखनकडे नव्हतीच. ती रोशन पवारकडे, तांड्याच्या खालच्या अंगाला. रोही सापडला तो वरच्या अंगाला, दीड कोस दूर. वेळ, शेत, सही, सर्व समोर. साहेबांनी पाने उलटली.

"अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं. शाळा किती?"

"सातवी, साहेब."

"वाटत नाही. अशा वह्या अजून आहेत?"

"सात आहेत." माझी छाती फुगलेली होती, हे मी येथे नमूद करतो.

"आणि ही सगळी माणसं बंदूक नेत होती?"

"पाळीनं. एकही पाळी नोंदीवाचून नाही."

"परवाना?"

"माझा."

साहेबांनी शिपायाला आणखी एक चहा सांगितला. लखन त्याच संध्याकाळी सुटला. बाकीच्या सहा वह्या नेण्यासाठी पोलिसांची गाडी माझ्यासोबत तांड्यात आली. पंचनाम्यात प्रत्येक पानावर सही करायला सांगितली, ती मी केली, एका पानावर शाई फुटली तर पुन्हा केली. अकराव्या दिवशी, ५ डिसेंबरला, वहीतल्या अकराही जणांना विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल अटक झाली. मला शस्त्र दिल्याबद्दल. आरोपी क्रमांक एक मी. ज्याला सोडवायला गेलो तो लखन आरोपी क्रमांक दोन. रोही विजेच्या तारेला चिकटून मेला होता, असा अहवाल तीन महिन्यांनी आला. तो खटल्याच्या कागदांत पान ६१ वर आहे. त्याच्याशी आता कोणाला काही घेणे नाही.

संविधानात अनुच्छेद वीस, खंड तीन असा आहे की, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. मी तो दहा वेळा वाचला. मला कोणी सक्ती केली नव्हती. सक्तीपासून वाचवणारे कलम लिहून ठेवलेले आहे. फुगलेल्या छातीपासून वाचवणारे लिहिलेले नाही.

आजोबांची हजेरीची वही सरकार लिहीत होते. माझ्या तांड्याची हजेरीची वही मी स्वतः लिहिली, एकोणीस वर्षे, आणि स्वतः नेऊन दिली.

कलम ६. नुकसानीची नोंद. सर्वजण जामिनावर आहेत. तारखा पडतात. सोनू २०२४ साली पोलीस भरतीत धावण्यात, लेखीत, सर्वांत पास झाला. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला. निवड रद्द. बंदूक गेल्यावर डुकरे वाढली, चार घरांनी जंगलाकडचे वावर पडीक टाकले. रोशनची याडी रुखमाबाई, वय पासष्ट, हिच्यावर तुरीच्या शेंगा तोडताना भर सकाळी डुकराने हल्ला केला. मांडीचा लचका गेला. काठी धरून चालते. माझ्या दारावरून जाताना ती काठी जास्त जोरात आपटते.

गेल्या वर्षी पौषात तांड्याची नसाब, म्हणजे आमची पंचायत, बसली. मला बोलावले. रोशन बोलला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आमची घरे पाठीला पाठ.

"उत्तमभाऊ, तू कोर्टात लिहून दे का वही खोटी हाय. डोस्कं फिरलं होतं म्हून बसल्या बसल्या मनानं लिवली. बंदूक घरच्या बाहीर गेलीच नाही."

"अन् अंगठे?" मी विचारले.

"ते बी तूच मारले म्हन."

"अकरा माणसांच्या सह्या-अंगठे मी एकट्याने?"

मागून कोणीतरी म्हणाले, "दहा बोटं हायत ना तुले? अकरावा पायाचा मार!" सगळे हसले. मीही हसलो. तांड्यात सर्वांसोबत हसलो तो शेवटचा प्रसंग.

मी नाही म्हणालो. म्हणालो, माझ्या हातून खोटी ओळ लिहिली गेलेली नाही व जाणार नाही. तपासणीत अंगठे ज्याचे त्याचे निघतील आणि खोटेपणाचा नवा गुन्हा वर येईल. रोशन उठून उभा राहिला. "तुले वही प्यारी हाय, मानसं नाही. कायले लिवत होतास रे येवढं? कोन मांगत होतं?" लखनने खाली पाहिले. तेव्हापासून लग्नाची सुपारी आमच्या घरी येत नाही. समीक्षा सुटीला आली की धुरपताबाई तिला बाहेर ओट्यावर बसू देत नाही.

मी नसाबीत म्हणालो ते अक्षरशः खरे होते. माझ्या हातून खोटी ओळ लिहिली गेलेली नाही. परंतु खोटे नुसते लिहिलेच जाते असे नाही.

कलम ७. हे कलम मालमत्तेचे नाही. या मृत्युपत्रात सर्वांत महत्त्वाचे कलम हे आहे. हे लिहायला मला चार दिवस लागले.

परवानाधारकाला आपल्या राखणदाराचे नाव परवान्यावर चढवून घेता येते. मग तो राखणदार बंदूक बाळगू शकतो. हा नियम मला २००५ सालीच माहीत होता. मी स्वतः यवतमाळच्या रस्त्यावरून घेतलेल्या जुन्या पुस्तकात वाचला होता. मे महिन्यात दहा घरांच्या दहा नावांचा अर्ज घेऊन मी एका कचेरीत गेलो. कचेरीचे नाव लिहीत नाही. तेथला माणूस केव्हाच निवृत्त झाला. त्याने अर्ज वाचला, मला वर-खाली पाहिले व शेजारच्याला म्हणाला, "दहा लमाण अन् एक बंदूक. फौज काढून राह्यले का?" मग मला, "तुह्या आज्याची हजेरी कोण घेत होतं, मालूम हाय ना? प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचा ठाण्याचा दाखला, दहा फायली कर अन् मग ये."

दहा फायली करणे अशक्य नव्हते. एका हंगामात झाल्या असत्या. धम्मरत्न यांनी अर्ज लिहायला मदत केली असती. पण मी तेथून निघालो, अर्जाचे चार तुकडे केले व बसमध्ये बसलो. मला वाटले, ज्या माणसाने आजोबांचे नाव काढले त्याच्या टेबलासमोर मी पुन्हा उभा राहणार नाही. त्या वेळी हा मला स्वाभिमान वाटला.

तांड्यात लिंबाखाली सगळे वाट पाहत बसले होते. रोशनने विचारले, "झालं का भाऊ काम?"

मी म्हणालो, "झालं."

"नावं चढली?"

"चढली."

एवढेच. अर्ज फाडला हे सांगायची मला लाज वाटली. सातवी पास असून नियम वाचणारा म्हणून ज्यांच्यात माझा मान होता, त्यांच्यासमोर हात हलवत आलो असे मला म्हणवेना. मग आठ दिवसांनी मी पहिली वही आखली. मनाला सांगितले, सरकारने नावे चढवली नाहीत तर मी चढवतो, सरकारपेक्षा नीट. एकोणीस वर्षे मी त्या एका शब्दावर रेघा मारत बसलो.

सोनूने २०२२ साली बंदूक हातात घेण्याआधी विचारले होते. सगळ्यांत त्यानेच एकट्याने विचारले. "मोठेबाबा, माझं नाव हाय का परवान्यावर?" मी म्हणालो, "बापाच्या नावात पोरगा येते. जाय." हे मी मनाने सांगितले. असा कोणताही नियम नाही.

म्हणून मी येथे, मरणाच्या दारात, स्वतःविरुद्ध, लिहून ठेवतो: पाळीवहीतल्या अकराही जणांना मी सांगितले होते की त्यांची नावे परवान्यावर आहेत. ते खोटे होते. खोटे असल्याचे फक्त मला माहीत होते. त्यांनी कायदा मोडायचे ठरवून बंदूक घेतली नाही. आपल्याला परवाना आहे, असे समजून घेतली. वही खरी आहे. माझा शब्द खोटा होता.

तांड्याच्या वकीलसाहेबांना मी हे पाटीवर लिहून दाखवले. चश्मा पुसत ते म्हणाले, "कायदा माहीत नव्हता, हा बचाव होत नाही. पण वस्तुस्थितीच चुकीची सांगितली गेली, हा होऊ शकतो. हे आधी का नाही बोललात?" पुढची तारीख १७ मार्च आहे. तोवर मी राहणार नाही, आणि राहिलो तरी उलटतपासणीला उत्तर द्यायला जीभ नाही. वकीलसाहेब म्हणाले, माणूस मेल्यावर त्याचे स्वतःच्या विरोधात जाणारे लिखाण कोर्ट विचारात घेऊ शकते. "घेईलच असं नाही. मरणाऱ्यानं बाकीच्यांना वाचवायला रचलं, असं सरकारी वकील म्हणतीलच." म्हणजे ज्या दिवशी माझा आवाज पूर्ण जाईल त्या दिवशी माझ्या शब्दाला थोडेसे वजन येईल. तेही न आल्यास मला नवल वाटणार नाही.

सोनूचे वय निघून चालले आहे. खटला संपेपर्यंत भरतीची मर्यादा ओलांडलेली असेल. हे कलम त्याच्या उपयोगी पडेल असे मी स्वतःला सांगत नाही. या कलमाची एक प्रत आजच वकीलसाहेबांकडे जाईल, दुसरी समीक्षाने माझ्या तेराव्याआधी सोनूच्या हातात द्यावी. त्याने वाचून फाडली तर फाडू द्यावी. आमच्या घरात कागद फाडायची रीत मीच पाडली आहे.

कलम ८. संविधानाची प्रत समीक्षाला. त्यात पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्या खोडू नयेत. धम्मरत्न यांना मी परवा पाटीवर लिहून विचारले, यातला एक तरी शब्द आमच्या कामी आला का? त्यांनी विचार करून सांगितले, "लखन जिवंत घरी आला. चौथ्या दिवशी, पण आला." मी लिहिले, तो वहीमुळे आला. ते म्हणाले, "व्हय. अन् वहीमुळंच अकरा जण अडकले. पुस्तकाचा दोष नाही उत्तमभाऊ. त्यात होतं तेवढं त्यानं दिलं." मला हे पटले नाही. पण मुलीने वाचावे. नियम वाचताना तिने पुढच्या टेबलापर्यंतही जावे. कोणी आजोबांचे नाव काढले तरी उभे राहावे, आणि दहा फायली कराव्यात.

कलम ९. जागलीची मोठी बॅटरी, जिचा उजेड तीन वावरे जातो, ती रोशन फुलसिंग पवार याला. हे कलम रद्द. कारण खाली साक्षीदारांच्या नोंदीत.

कलम १०. माझे दहन तांड्याच्या मसणवटीत व्हावे. खांदा द्यायला चार जण मिळाले नाहीत तर ट्रॅक्टर बोलवावा, कोणाच्या दारात जाऊन विनवू नये. भिंतीवरचा वर्तणुकीचा दाखला काढून माझ्यासोबत जाळावा. फ्रेम चांगली आहे, ती ठेवावी.

साक्षीदारांबाबत नोंद. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पहिले धम्मरत्न. दुसऱ्यासाठी धुरपताबाई तांड्यात सात घरी जाऊन आली. सातही घरी एकच उत्तर मिळाले, उत्तमसिंगाच्या कागदावर आता नाव नाही घालणार. त्यांचे बरोबर आहे. माझ्या कागदावर नाव घातल्याने काय होते, ते त्यांनी पाहिले आहे.

आज सकाळी साडेआठला रोशन स्वतः आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. धुरपताबाईने पाट दिला, त्यावर बसला नाही.

"वैनी म्हने सही पायजे. कायच्यावर?"

धम्मरत्न यांनी त्याला सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, माझी सही होताना पाहिली की पुरे. रोशन म्हणाला, "नाही. एक डाव न वाचता इस्वास ठेवला. वाचून दाखव."

धम्मरत्न यांनी सातवे कलम वाचले. रोशन दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. वाचून झाल्यावर त्याने फक्त एवढे विचारले, "लिंबाखाली इचारलं होतं ते मीच ना?"

मी मान हलवली.

"अन् तू झालं म्हनलं."

मी मान हलवली.

"वीस वर्स, भाऊ. याडी पडली तवाही नाही सांगतलं. नसाबीत मी तुह्यावर वरडलो तवाही नाही." "मी म्हनत होतो तुले वही प्यारी हाय. तुले वही बी प्यारी नव्हती. तुले तूच."

मी पाटी पालथी ठेवली.

धम्मरत्न यांनी त्याला सांगितले की कलम नऊमध्ये त्याला बॅटरी दिलेली आहे, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार नसलेले बरे. आम्हाला कायदा तितके कडक बंधन घालत नाही असे एका पुस्तकात आहे, पण माझ्या वाचनावर आता माझाच भरवसा नाही. रोशन म्हणाला, "खोड ते. तुही बॅटरी घेऊन मी कायले जागू? डुकराले रस्ता दाखवाले?" म्हणून मी ते कलम त्याच्यासमोर रद्द केले.

मग तो आत आला व जमिनीवर बसला. "आन पेन. माफ केलं म्हून नाही. सोनूसाठी करून राह्यलो. हे बी लिव."

लिहिले.

वरील मजकूर नऊ पाने, खाडाखोड एक (कलम नऊ), मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली व त्या दोघांनी माझ्यासमोर केली. रोशनने नावापुढे वेळ लिहिली. मी सांगितले नव्हते. एकोणीस हंगामांची त्याच्या हाताची सवय.

ठिकाण: मोहाचा तांडा, ता. पुसद, जि. यवतमाळ
दिनांक: १ फेब्रुवारी २०२६, रविवार

मृत्युपत्र करणार: उत्तमसिंग हरसिंग आडे (सही)

साक्षीदार १: धम्मरत्न भगत, पुसद (सही)

साक्षीदार २: रोशन फुलसिंग पवार, मोहाचा तांडा (सही)
पेन नेला ९.३८. परत ९.४०.